शिध्याच्या कपाटातला सान कोनो

उरुग्वेतल्या फ्लोरिडा गावच्या सरकारी शाळेत एर्सिलियाने एकतीस वर्षं मुलांना जेवू घातलं. तेवढीच वर्षं शिध्याच्या कपाटाच्या दाराला आतून सान कोनोची, गावाच्या लाडक्या पोरसवदा संताची, तसबीर चिकटलेली होती. दार लावलं की शाळा नियमाप्रमाणे निधर्मी. उघडलं की संत स्वयंपाकघरात हजर. पातेल्याचं झाकण काढण्याआधी ती त्या दारावर दोन टिचक्या मारायची. एकदाच विसरली, तेव्हा मसूर करपले. असं तिचं म्हणणं.

मुख्याध्यापिका नेल्बाबाई पक्क्या नास्तिक. नाताळला चुकूनही नाताळ म्हणायच्या नाहीत, सरकारी नावाने ‘कुटुंब दिन’च म्हणायच्या. पण ते कपाट त्यांनी स्वतः कधी उघडलं नाही. शेवया हव्या असल्या तरी, “एर्सिलिया, तूच काढ गं.”

उघडलं ते नव्या इन्स्पेक्टरांनी. वाक्यागणिक खाकरणारा माणूस.

“अहं. हे कोण?”

“सान कोनो, साहेब.”

“अहं. सरकारी कपाटात?”

साहेब गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, “घरी न्यायला हवं गं त्याला.”

“त्याने कुणाचं काय खाल्लंय, बाई?”

“उद्या कुणी दुसरा देव आणला, तर त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

एर्सिलिया कपाटाकडे वळली. लहानपणी नन्सच्या शाळेने तिला बिनबापाची म्हणून दारातूनच परत धाडलं होतं. ह्या शाळेने काही न विचारता सगळ्यांसारखाच गणवेशाचा पांढरा झगा आणि गळ्यात निळा बो घातला होता. सुरीच्या टोकाने तिने तसबीर अलगद सोडवली.

दुसऱ्या दिवशी दारावर टिचक्या माराव्या असं आत कुणी नव्हतं. मसूर करपले नाहीत, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

तीन जूनला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सान कोनोची मिरवणूक. इतकी वर्षं ती गेलीच नव्हती, संत हाताशी होता ना. यंदा मात्र रजेचा अर्ज घेऊन बाईंपुढे उभी राहिली. कारणाची जागा कोरी.

“काय लिहू?” बाईंनी पेन उघडलं.

“खरं सांगितलं तर तुम्हाला लिहिता यायचं नाही.”

“घरी कुणी आहे का?”

“आहे एक पोरगा. आपल्याकडेच असायचा. शेवयांच्या शेजारी.”

बाईंनी लिहिलं, ‘कौटुंबिक कारण’.

“खोटं तर होत नाही ना, बाई?”

“एकतीस वर्षं आपल्या स्वयंपाकघरात राहिला तो. परका कसा म्हणू?” बाईंनी शिक्का मारला. “स्वेटर घालून जा, थंडी आहे. मसूर मी बघते.”

“टिचक्या?”

“ते नाही जमायचं गं मला.”

“मग चमचा थांबवू नका,” एर्सिलिया म्हणाली.