एकटीचा फोटो

काल विवाह नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर एक मुलगी मोबाईलमध्ये बघून आपला पदर आपणच सारखा करत होती. मला माझे दिवस आठवले. याच रस्त्यावर माझा छोटा फोटो स्टुडिओ होता. घरच्यांना न सांगता लग्न केलेली जोडपी सह्या करून थेट माझ्याकडे यायची.

त्यातली एक म्हणाली होती, "मावशी, एक फोटो माझ्या एकटीचा काढा. आईला पाठवायचाय. माझ्या शेजारी हे दिसले तर ती फाडून टाकेल."

"म्हणजे मी लग्नात नव्हतोच का?" नवरा म्हणाला, पण बाजूला झाला.

तेव्हापासून अशा प्रत्येक नवरीचा मी एकटीचा फोटो काढायचेच. बाकीच्या फोटोंत त्या कॅमेऱ्याकडे बघायच्या, या फोटोत मात्र आईकडे. पुढे किती आयांनी ते जपले नि किती जणींनी फाडले, मला कसं कळणार?

त्या पहिलीचं मात्र कळलं. वर्षभराने एक बाई आल्या, पर्समधून तोच फोटो काढून म्हणाल्या, "मागे तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, म्हणून सापडलात." मग हळूच म्हणाल्या, "जोडीचा असेल ना हो तुमच्याकडे? जावई कसा दिसतो, बघावं म्हटलं."