कापसाच्या खोलीतला सर्व्हर

धामणगाव बढ्यात गजाननभाऊंच्या सायबर कॅफेत त्या दुपारी सगळं होतं, फक्त इंटरनेट नव्हतं... मी बुलढाण्याहून दुरुस्तीला गेलो होतो. बरीच वर्षं झाली, पण काल आठवलं आणि एकटाच हसलो.

कॅफे म्हणजे भाऊंच्या घराचीच पुढची खोली. तिथे चार कॉम्प्युटर, आणि नेटची लाइन आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरला. चौघांचं नेट त्याच्यामार्फत यायचं, त्यालाच आम्ही प्रॉक्सी म्हणायचो.

समोर रुखसाना बसली होती, शेजारच्या टेलरकाकांची मुलगी. नर्सिंगला नंबर लागला होता, पण पाचच्या आत ऑनलाइन कन्फर्म केलं नाही तर सीट जाणार होती. ती बिचारी नुसती घड्याळाकडे बघत होती.

मला मात्र अशा वेळी भलतंच कुतूहल चढतं. अ‍ॅड्रेस बरोबर, पोर्ट बरोबर... चारही कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत होते. प्रॉक्सी तेवढा उत्तर देईना.

सर्व्हर नक्की चालू आहे ना, असं मी पुन्हा विचारल्यावर भाऊ चिडले. "रात्री बी बंद नसते तो. त्याले कोनी हातच लावत नाही."

केबल बदलली, स्विच बदलला. शेवटी म्हटलं, मला तो बघायचाच आहे. भाऊ जरा कचरले, मग दार ढकललं...

आत छातीपर्यंत कापूस! बीटीच्या बियाण्याचा अन् फवारणीचाही खर्च निघेना असा भाव, म्हणून सकाळीच सगळी वेचणी घरात भरली होती. दाराजवळच्या टेबलावर सर्व्हर, अर्धा कापसात बुडालेला. लाइट एकही नाही.

"पिन म्या काढली," मागून वहिनी म्हणाल्या. "कापसाच्या खोलीत करंट ठेवते काय कोनी? ठिणगी पडली तं वरीस जाते आमचं."

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असणार, कारण वहिनींचं काहीच चुकलं नव्हतं.

रुखसाना उठून दाराशी आली. "काकू, पाच वाजले तं माही सीट जाईन."

वहिनींनी टेबलाभोवतीचा कापूस हातांनी मागे लोटला, पिन स्वतःच लावली आणि पाण्याची बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. विजेवर पाणी टाकायचं नसतं, हे सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

पान उघडलं. रुखसानाने बटण दाबलं, सीट कन्फर्म झाली.

"झालं काय वो पोरी?"

"हाव काकू."

आणि वहिनींनी खटकन पिन ओढली. सर्व्हर असा सरळ बंद करायचा नसतो, म्हणून मी गावोगाव लोकांवर ओरडायचो. त्या दिवशी गप्प बसलो.

रुखसाना आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माझ्यामुळे झालं, असं तिचे अब्बा अजून सगळ्यांना सांगतात... मी प्रत्येक वेळी सांगतो, चाचा, मी फक्त वायरी तपासल्या. वर्ष पणाला लावलं ते वहिनींनी.