मागचे शॉकअप

आमच्या मालकांनी नांदेडच्या दवाखान्यात पुन्हा जायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या मणक्यात कॅन्सर उतरला होता. मागच्या खेपेला कुरुंद्याहून निघालो ते नांदेड येईपर्यंत खड्ड्याखड्ड्याला ओरडले. लेक म्हणाला, दोष गाडीचा आहे, मागचे शॉकअप गेलेत. नवे टाकले की बा येतील. गाडी आम्ही घेतली तेव्हाच जुनी होती. त्याने वसमतहून नवे शॉकअप आणले आणि अंगणातच कामाला लागला. मालकांची बाज बाहेर काढली. त्यांनी उभा जन्म जीप चालवली. लेकाला चाक बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं.

जॅक लावून गाडी मागून उचलली, खाली ओंडके सरकवले. नट गंजलेले. डिझेल ओतून मायलेक दोघं पान्याला लोंबकळलो. जुना शॉकअप निघाला तो तेलाने बरबटलेला. दाबला की आत जायचा आणि तिथंच राहायचा.

नवे बसवले तेव्हा मालक बाजेवरून म्हणाले, "खालचा बोल्ट आताच आवळू नको. गाडी खाली घे, मागं माणूस बसव, मंग आवळ. न्हाईतर रबर पिळून फाटतंय."

"काहून शिकवून राहिले बा? मोबाईलवर बघितलंय मी."

"मोबाईलनं जीप चालवली व्हय रे?"

लेक हसला. गाडी खाली घेतली. "मंग तुमीच बसा," म्हणत त्याने त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं.

पूर्वी ते चढले की जीप एका अंगाला कलायची. त्यावरून मी त्यांना जन्मभर बोलले. त्या दिवशी गाडी हललीसुद्धा नाही. मला तोंड आवरायची सवय नाही.

"अहो, गाडीला कळलं बी न्हाई तुमी बसलेले."

ते स्वतःच्या मांड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू बस शेजारी. मंग दबल गाडी."

मी बसले. गाडी दबली. लेकाने खालून बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी नांदेडला यायला ते तयार झाले. वाटेत एकदाही ओरडले नाहीत. लेक आरशातून विचारायचा, "बा, तकलीफ?" ते म्हणायचे, "न्हाई. बराबर बसवलेत." चौथ्या दिवशी दवाखान्याच्या गाडीतून त्यांना घरी आणलं, ते माती द्यायलाच.

दोन महिन्यांनी मी वसमतला गेले, त्याच सीटवर, त्यांच्या जागी बसून. पहिल्याच खड्ड्याला माझ्या कमरेतून कळ गेली. शॉकअप नवेच होते, बसवलेही नीट होते. माझा तर मणका धड आहे.

लेक आल्यागेल्याला सांगतो, शेवटच्या खेपेला बाला रस्त्यात काही तकलीफ झाली न्हाई. मग माझ्याकडे बघतो. "व्हय ना माय?"

मी व्हय म्हणते.