बुरहानपूरच्या हीरोचा डावा हात

“नायक पाठमोरा. मान खांद्यावरून वळलेली. मागे धूर.” चार महिन्यांत चौथ्यांदा ऑफिसकडून हीच मागणी आली. सिनेमाची पोस्टरं आणि कॉमिकची मुखपृष्ठं करून मी पोट भरते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. गोष्ट पोलिसाची असो, भुताची असो, नाहीतर दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या कुणाची. हा गडी आपला लोकांकडे पाठ करूनच उभा! त्याच दुपारी बुरहानपूरहून मामाचा फोन आला. नारायणमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. तिथल्या टॉकीजवरचे मोठाले बोर्ड त्यानं तीस वर्षं हातानं रंगवले. “मंडळवाले माझ्या पोस्टरांचं प्रदर्शन लावतायत, बेटा. सत्कार पण आहे. तू याच लाइनची. ये, दोन शब्द बोल.” मी लगेच हो म्हटलं आणि पाठमोऱ्या गड्याला तसाच उभा ठेवून बॅग भरली.

तुम्ही जाणार असाल तर माझ्यासारखा आगाऊपणा करू नका. नाशिकरोडहून थेट बुरहानपूरला उतरवणाऱ्या गाड्या आहेत, पाचेक तासांत पोचता. मला मात्र वाटेतली केळी बघायची हौस. म्हणून शुक्रवारी भुसावळला उतरले आणि मुक्ताईनगरमार्गे जाणारी बस पकडली. केळी दिसली, भरपूर दिसली, पण सीटचा स्पंज केव्हाच वारला होता. इच्छापूरला बस चहासाठी थांबली. टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ आहे, पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर चढा. शेजारच्या बाई नवस फेडायला उतरल्या. “तुम्ही नाही येत?” म्हणाल्या. मी म्हटलं, मला काही मागायचं नाहीये. एवढा माज मी कशाच्या जोरावर केला, देव जाणे.

मामाच्या घरी पोचले तेव्हा विमलमामी दारातच होती. गळ्याला तो पांढरा पट्टा. “मान धरलीय गं, जुनंच दुखणं,” म्हणाली आणि माझी बॅग उचलायला वाकली. मी ओरडले तेव्हा कुठे थांबली. जेवायला भरीत, कळण्याची भाकरी, वर दराबा. दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप फेसून फेसून केलेली बुरहानपूरची मिठाई. तोंडात टाकली की चावायचं कामच नाही. इथे आलात तर मावा जलेबी खालच, पण दराबा घरी न्या, दोन दिवस टिकतो.

शनिवारी सकाळी प्रदर्शनाला न्यायची चित्रं काढायला मामी आणि मी माडीवर गेलो. मामा दाढी करायला गेला होता. जुने बोर्ड तर कधीच पुसून पुन्हा रंगवले गेलेत, उरलेत ते खाके. खाका म्हणजे माणसाएवढ्या खाकी कागदावर काढलेली आकृती, आणि तिच्या रेषेरेषेवर सुईनं पाडलेली भोकं. कागद बोर्डावर धरायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची, की खाली आकृती ठिपक्याठिपक्यांनी उमटते. सिनेमा बदलला की चेहरा बदलायचा, अंग तेच. मामाकडे असे सात खाके. पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभा हीरो. पाठमोरा हीरो. हीरोच्या पायाला बिलगलेली हिरोईन. पाठीला पाठ लावून उभी जोडी. उडी मारून आपल्या अंगावर येणारा. बंदूक रोखणारा. आणि इंदूरच्या एका चित्रकथावाल्यासाठी केलेला, आकाशात उडणारा.

मी ते जमिनीवर एकाशेजारी एक पसरले आणि म्हटलं, “मामी, सगळ्यांचा डावा हात वाकडा कसा?” खरंच, कोपर कुठेच सरळ नव्हतं. हीरोचं नाही, हिरोईनचं नाही, उडणाऱ्याचंही नाही.

मामीनं पदर मागे घेतला आणि स्वतःचा डावा हात पुढे केला. लहानपणी चिंचेवरून पडली होती, हाड नीट बसलं नाही. हात तेवढाच उघडतो, जेवढा खाक्यात आहे.

“सिनेमावाल्यांकडून फक्त चेहऱ्यांचे फोटो यायचे ना,” ती म्हणाली. “बाकी अंग कुठून आणायचं? मग मला उभं करायचे. ह्यांची पँट घालून, पट्टा लावून. हीरो पण मीच, हिरोईन पण मीच. खांदे तेवढे हे रुंद करायचे.”

मी हसत सुटले. तीही हसली. मग तिनं उडणाऱ्याचं सांगितलं. दोन स्टुलांवर पोट टेकवायचं, हात पुढे, मान वर. “बिल्कुल हलू नको म्हणायचे. पोळी करपली तरी हलले नाही मी. असे तीन दिवस. तेव्हापासून ही मान.”

माझं हसू तिथंच थांबलं. मामी सांगत होती की गावातल्या पोरांना तो वाकडा हात इतका आवडला, की फोटो स्टुडिओत जाऊन ते तसाच हात धरून फोटो काढायचे. बाजारातून जाताना तिला ते फोटो काचेमागे दिसायचे. कुणाला काही सांगायची चोरी.

“आज तू बोलणार आहेस ना?” तिनं विचारलं. “मग एक कर. तो हात विमलचा आहे म्हणून सांग. बस, एवढंच. मला शाल नको, नारळ नको.”

“मामा का नाही सांगत?”

“किती बार म्हटलं त्यांना. हसतात आणि गच्चीवर जातात.”

मी म्हटलं, सांगते. वचनच दिलं म्हणा ना. मामीनं खाके गुंडाळताना सगळ्यांवरची धूळ पदरानं पुसली.

दुपारी जेवणानंतर मामानं मला अंगणात गाठलं. नवीन कुडता, ताजी दाढी, चेहरा लग्नातल्या नवरदेवाचा. “मामी काहीबाही बोलली असेल,” तो म्हणाला. “ते स्टेजवर नको हं, बेटा. लोक हसतील. म्हणतील, आम्ही ज्याच्यावर शिट्ट्या मारल्या तो हीरो लुगड्यातला होता! मला उभ्या जन्मात एकदा बोलावलंय कुणी.” त्याचे डोळे भरले होते. मला राग आला, आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आली की माझी जीभ टाळूला चिकटते हे मला ठाऊक आहे.

कार्यक्रम संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये. स्टेशनकडून येणार असाल तर शेअर रिक्षावाले वीस रुपये घेतात, गर्दीत चाळीस मागतात, देऊ नका. हॉल भरलेला. व्यापारी, मास्तर, जवळच्या चांदनी गावाहून आलेले दोन म्हातारे पेंटर, मामाच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका. मामी तिसऱ्या रांगेत. मोरपंखी साडी नेसली होती आणि मानेचा पट्टा घरी ठेवून आली होती.

निवेदकानं पाठमोऱ्या हीरोच्या खाक्याकडे बोट दाखवलं. “भाऊसाहेब, ये डावा हात असा का हो? पूरे शहरानं कॉपी केला तो!”

मामानं माइक घेतला. “ती माझी स्टाइल,” तो म्हणाला. टाळ्या. मागून एकानं शिट्टी पण मारली.

मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. हॉलमध्ये मामी दिसत होती, दोन्ही हात मांडीवर, चेहरा माझ्याकडे. शेजारी मामा शाल अंगावर घेऊन बसलेला, मांडीवरचा नारळ घट्ट धरलेला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. मी खाक्यांबद्दल बोलले. रंगांबद्दल बोलले. आजच्या कंप्युटरवाल्यांना हे जमणार नाही, असं म्हणून टाळी पण घेतली. आणि शेवटी म्हणाले, “या सगळ्यात मामींची खंबीर साथ होती.”

खंबीर साथ! अरे, थू माझ्या जिभेवर. सगळ्या सत्कारात सगळ्या बायकांना चिकटवतात तेच लेबल मी काढलं आणि तिच्या कपाळावर डकवलं. हॉलनं टाळ्या वाजवल्या. मामीही वाजवत होती.

रविवारी मामानं मला हौसेनं शाही किल्ला दाखवला. तापीच्या बाजूचा सज्जा चुकवू नका, आणि हमामखान्याचं छत मान वर करून नीट बघा. कुंडी भंडाऱ्याला, म्हणजे मुघलांच्या वेळच्या जमिनीखालच्या पाणीयोजनेत, लिफ्टनं खाली उतरवतात, पण आधी चौकशी करून जा, कधी बंद असते. मामा रस्ताभर खूश होता, तीन जणांनी त्याला थांबवून हात मिळवला. दोघांनी डावा हात वाकवून दाखवला. मामी आली नव्हती, मान दुखत होती.

निघताना स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, “मामी, चुकलं माझं.” ती दराब्याचा डबा कागदात बांधत होती. “असू दे,” म्हणाली. “गाडीत उलटा ठेवू नको, तूप सांडेल.” रागावली असती तर बरं वाटलं असतं. परतीला सरळ रेल्वे धरली, खिडकी मिळाली, पण केळीची एक बाग धड बघितली नाही.

बुरहानपूरला जावं का? जरूर जा. दोन दिवस पुरतात, खायला उत्तम, माणसं जीव लावणारी. मी मात्र तिथून एक भित्री बाई बरोबर घेऊन आले आणि ती आता माझ्याच घरात राहते. घरी येऊन तो पाठमोरा गडी पुरा केला, पाठवला, लगेच पसंतही झाला. त्याच्या अंगात कुणाची मान अवघडली, मला माहीत नाही. असल्या अंगांचे फोटो आम्हाला आयते विकत मिळतात, खाली नाव नसतं.

काल मामीला फोन केला. म्हटलं, मी सगळं खरं लिहितेय, इंटरनेटवर, तुझ्या नावासकट. तो हात विमलमामीचा, तो हीरो विमलमामी. हजारो लोक वाचतील.

 ती म्हणाली, “लिही बेटा. पण त्या हजारांना मी कुठं ओळखते? हॉलमध्ये सगळे ओळखीचे होते.”