गोळीचा हेवा

होसकोट्याच्या कारखान्यात बॉयलर फुटला, तेव्हा माझी पत्नी शेजारच्या खोलीत हजेरीपट लिहीत होती. अंगावर ओरखडाही उठला नाही. पण त्यानंतर चामराजपेटेतल्या आमच्या घरी कुकरची शिटी झाली की ती ओट्याखाली अंग चोरून बसे. मी हात धरला की तिची थरथर ओसरे. वर्षभर, भात शिजेपर्यंत मी कामावर निघत नसे. नातलग मला सोशिक म्हणत, आणि मला ते आवडे.

मग मल्लेश्वरमच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी तिला गोळ्या लिहून दिल्या. मेंदूतला बदामाएवढा एक भाग धोक्याची सूचना देतो. तिचा तो भाग अपघातानंतर शांतच झालेला नाही. औषधाने त्याची धग उतरेल आणि विचार करणाऱ्या भागाला त्याला आवरता येईल, असे त्यांनी कानडीत समजावले. मात्र काही आठवडे धीर धरा, म्हणाले.

दीड महिन्याने एका सकाळी शिटी झाली. तिचे खांदे किंचित आखडले, आणि ती बीन्स चिरत राहिली. मी पुढे केलेला हात तिने पाहिलाही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या पांढऱ्या गोळीचा हेवा वाटला.

नवरात्रात तिचे नऊ दिवस उपवास असत. फळे आणि दूध, एवढेच. तिने विचारले, "अहो, गोळी चालेल ना?" डॉक्टरांनी ती जेवणानंतर घ्यायला सांगितली होती. मी म्हणालो, "जेवणच नाही, तर जेवणानंतरची गोळी कशी घेणार?" कोपऱ्यावरच्या दुकानातून डॉक्टरांना फोन करणे दोन मिनिटांचे काम होते. मी ते केले नाही.

सातव्या दिवशी, माझ्यापुरता लावलेला कुकर वाजला आणि ती पुन्हा ओट्याखाली गेली. तिने माझा हात घट्ट आवळला. मला बरे वाटले. हे वाक्य लिहायला मला फार वर्षे लागली.

दसऱ्यानंतर डॉक्टरांनी गोळ्या का चुकल्या म्हणून विचारले. "माझाच उपवासाचा नेम होता," असे तिने सांगून टाकले. तेव्हा मात्र मला राहवले नाही. गोळी नको म्हणणारा मीच, हे मी कबूल केले. परतीच्या बसमध्ये मी तिची क्षमा मागितली.

"नवरात्राचे शेवटचे दोन-तीन दिवस तुम्ही गुणगुणत कामावर जात होता," ती म्हणाली. "माझ्या तेव्हाच लक्षात आलं."