बाच आगिमच्या घरची कॉफी

आगिम गेल्याचं मला त्याच्या बायकोनं, लूमेवहिनीनं, कुंपणापलीकडून सांगितलं. दोरीवर त्याचे शर्ट वाळत घालता घालता ती म्हणाली, "सकाळी हॉस्पिटलनं फोनवर चेहरा दाखवला." शेवटचा चिमटा लावला आणि आत गेली. तिलाही कोरोनाची लागण झालेली, त्यामुळे कुंपण ओलांडायची सोय नव्हती. एवढी जवळ असून मी तिच्या पाठीवर हात ठेवू शकले नाही, याचा संताप अजून जात नाही.

न्यूनेन या डच गावात आलो तेव्हा नवरा सकाळीच आइंडहोवनला कामावर जायचा आणि मी दिवसभर भिंतींशी बोलायची. आगिमनं पहिल्याच आठवड्यात माझी सायकल न विचारता दुरुस्त केली आणि बजावलं, "बाच आगिम म्हणायचं." बाच म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. कोसोव्होचा अल्बेनियन, युद्धात इकडे आलेला. माणूस तिरसट. माझी लेक मराठी प्रश्नाला डचमध्ये उत्तर द्यायची, तर पारा माझ्याआधी त्याचा चढायचा. तिकडे तो मास्तर होता. सरकारनं अल्बेनियन शाळांना कुलपं घातल्यावर त्याच्यासारख्या मास्तरांनी लोकांच्या घरांत वर्ग भरवले. पोरांचे बूट दाराबाहेर दिसले तर पोलीस यायचे, म्हणून बूट आत घ्यायचे. तरी दोनदा मार खाल्लाच. इथे येऊन मास्तरानं काचघरात टोमॅटो तोडले... कुरकुर कधी ऐकली नाही.

पोटासाठी परमुलखात राहण्याला ते गुरबेत म्हणतात. गुरबेतमध्ये जगावं, पण मातीत जावं ते गावच्याच, हे त्याचं पक्कं होतं. इथली कबर ठरावीक वर्षांची. मुदत सरली की जागा दुसऱ्याला. "मेल्यावरही भाडेकरूच?" असं म्हणून तो हसायचा. मला काही हसू यायचं नाही.

आणि झालं तेच. विमानं बंद, शवपेटी जाईना. आगिमला इथेच पुरलं. त्याची लेक तिकडे कोसोव्होत, प्रिश्टिनात अडकलेली, तिनं फोनवर पाहिलं.

एका पाहुण्याची परवानगी मिळाल्यावर मी गेले. मयताच्या घरी त्यांच्यात माणसांची रीघ लागते. वहिनीनं भिंतीला लागून साऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि आलेली मी एकटी. तिनं छोट्या कपात कडू कॉफी आणली. आता आमच्याकडे सुतकाच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत, आईनं ते अंगात भिनवलेलं. मी कप तसाच राहू दिला. वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

"काय मागायला आलीस?" ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. आगिमच्या धाकट्या भावाला शेजारच्या घराण्यातल्या माणसानं गोळी घातली होती. रक्ताला रक्त, हा तिकडचा जुना कायदा, आणि बदला घ्यायची पाळी आगिमची. पण गावची वडीलधारी मंडळी त्या मारेकऱ्यासाठी माफी मागायला आली. कॉफीचा ट्रे आगिमनंच नेला. कुणी कपाला हात लावेना. मागणं मान्य होईपर्यंत कॉफी प्यायची नसते. बराच वेळ गेल्यावर त्याचे वडील म्हणाले, "प्या. रक्त माफ केलं." मग सगळ्यांनी कप उचलले. भावाला गावातच पुरलं होतं, आणि आगिमला त्याच्याशेजारी जायचं होतं.

मी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. रडूही तेव्हाच आलं.

वहिनीपुढेही कप होता. म्हटलं, "वहिनी, तुम्हीही घ्या ना."

"तो भावाशेजारी जाईपर्यंत नाही," ती म्हणाली.

आता विमानं उडताहेत. पण पुरलेलं माणूस काढायला वेगळी परवानगी लागते आणि खेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका, म्हणते थांबा. दर रविवारी मी जाते. ती दोन कप भरते. मी माझा पिते, आगिमविषयी थोडं बोलतो... निघताना मी कप विसळायला घेते, आणि वहिनीचा भरलेला कप मलाच मोरीत ओतावा लागतो.