खिडकीखालच्या पाच गाड्या

सदर इसम, कंपनीत ‘स्टेपनी’ या नावाने परिचित, हुद्दा चालक (श्रेणी एक), बांधा मध्यम, केस होते त्या काळात काळे, यांनी अध्यक्षांच्या वाहनाच्या पहिल्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंत अखंड सेवा बजावली आहे. वर्तणूक: समाधानकारक. वाहनाची निगा: उत्कृष्ट. अपघात: निरंक.

निवृत्तीच्या प्रमाणपत्रावरचा हा मजकूर ज्याने लिहिला त्याने या इसमाला बहुधा पाहिलेलं नव्हतं. त्याने शेजारच्या टेबलावर विचारलं असेल की हा माणूस कसा होता, आणि शेजारच्या टेबलाने सांगितलं असेल की कधी दिसला नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत यालाच समाधानकारक म्हणतात.

साहेबांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. माणूस हिशेबी, स्वतःच्या चहात साखरसुद्धा मोजून घालणारा. पण एका बाबतीत त्यांचा पाय घसरला होता. एक परदेशी मोटार होती. बाहेरून दिसायला चार दारांची, एखाद्या सज्जन बँक मॅनेजरची वाटावी अशी. आणि बॉनेटखाली शर्यतीचं इंजिन. साध्या कपड्यातला पैलवान. मोटार बनवणाऱ्या कंपनीने या मोटारीची नवी पिढी काढली की साहेब जुनी विकून नवी आणत. राजघराण्यांच्या वंशावळी पाठ असणारी माणसं असतात. साहेबांना ही एवढी एकच वंशावळ पाठ होती.

आठवडाभर ती गाडी ड्रायव्हर चालवायचा. बंगला ते कारखाना आणि कारखाना ते बंगला, पुढे ट्रक आणि मागे बस, अशा थाटात तो पैलवान रोज पालखी उचलल्यासारखा चालायचा. रविवारी मात्र साहेब स्वतः चालवत आणि ड्रायव्हर शेजारी नुसता बसायचा. टायर बसला तर, पोलिसाने अडवलं तर, साहेबांची कंबर धरली तर. म्हणून कारखान्यातल्या लोकांनी त्याला स्टेपनी म्हणायला सुरुवात केली. त्याने राग मानला नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की स्टेपनीची कोणाला आठवण नसते ती लागेपर्यंत, आणि लागली आणि नसली की मग मात्र बोंबाबोंब.

गॅरेजवर दोन खोल्या होत्या, त्या त्याला राहायला दिलेल्या. पहिली गाडी आली त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. नवी नवरी त्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिच्या ओळखीचं तिथे चिटपाखरू नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी फाटकाच्या बाजूला उघडायची. त्या खिडकीपाशी बसून तिने पहिल्यांदा जे शिकून घेतलं ते शेजाऱ्यांची नावं नव्हेत, गाडीचा आवाज.

पहिल्या गाडीला सहा सिलिंडर, पाच गिअर आणि दगडासारखा जड क्लच. लाँड्रीपाशी वळण होतं. तिथे तो तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचा आणि इंजिन एकदा घोगरं हुंकारायचं. तो हुंकार आला की ती खिडकी उघडायची आणि चहाचं आधण ठेवायची. फाटकातून आत शिरताना तो वर बघायचा. खिडकी उघडी दिसली की बंगल्याच्या पायरीशी साहेबांना उतरवायचं, गाडी गॅरेजात घालायची, पिवळ्या फडक्याने पुसायची आणि वर जायचं. तोवर चहा गाळायला आलेला. या संसारात पुढे मतभेद पुष्कळ झाले, पण या बाबतीत कधी गफलत झाली नाही. ‘आलात का’ असं तिने कधी विचारलं नाही आणि ‘आलो’ असं त्याने कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या पिढीत गाडी गोलसर झाली, आत चामडं आलं आणि सिलिंडर आठ झाले. पहिल्या संध्याकाळी तिने खिडकी उघडायला जरा वेळ लावला. वर गेल्यावर म्हणाली, ‘अहो, ही तुमच्या आत्याबाईंसारखी आहे. आत यायच्या आधी घसा खाकरते.’ दोन दिवसांत तिने आत्याबाईंशीही जुळवून घेतलं. खऱ्या आत्याबाईंशी ते शेवटपर्यंत जमलं नाही.

याच गाडीच्या काळात एकदा खिडकी उघडली नाही.

त्याने फाटकातून वर पाहिलं तर खिडकी बंद. साहेब मागे बसलेले. त्याने गाडी तिथेच, फाटकात आडवी सोडली, इंजिन चालू, दार उघडं, आणि जिन्याकडे पळत सुटला. ती मोरीपाशी पडलेली होती, शुद्ध नव्हती. त्याने तिला उचलून खाली आणलं तेव्हा साहेब ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले होते. ‘तिच्याजवळ मागे बस,’ एवढंच ते म्हणाले.

त्या मोटारीच्या पाचही पिढ्यांत ती ज्यासाठी बनवली होती तशी ती त्या एकाच संध्याकाळी चालली. ती वाचली. रक्तदाब फार वर गेला होता. डॉक्टरांनी आयुष्यभराच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की पुन्हा असं झालं तर जितक्या लवकर आणाल तितकं बरं. यात वेळ हेच औषध. साहेब पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट सांगत. त्यांच्या सांगण्यात इंजिनाचा वाटा मोठा असे. ड्रायव्हर कोणाला काही सांगत नसे, पण त्याला माहीत होतं की तिला वाचवलं ते बंद खिडकीने. फाटकात शिरताना वर बघणं ही तोवर सवय होती. तिथून पुढे ती काळजी झाली.

तिसरी गाडी दहा सिलिंडरची. तिचा आवाज म्हणजे किंचाळीच. ती लाँड्रीपाशी आली की वर मांडणीतले पेले वाजायचे आणि लहानगी लेक झोपेतून उठून बसायची. गिअर बदलायला स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या होत्या आणि दर गिअरला गाडी उचकी लागल्यासारखी हिसका द्यायची. वर्कशॉपमध्ये ती इतकी असायची की फोरमनच्या बायकोने विचारलं म्हणे, गाडी त्यांची की आपली. पण साहेबांचा जीव जडला तो याच गाडीवर, आणि ड्रायव्हरच्या बायकोचाही. ती म्हणायची, काही झालं तरी ही न सांगता यायची नाही.

चौथीत सिलिंडर पुन्हा आठावर आले, टर्बो आले आणि गाडी बाहेरून गप्प झाली. आत मात्र तसाच गुरगुराट. हे कसं, ते ड्रायव्हरला कळेना. फोरमनने सांगितलं की इंजिनाचा आवाज आता पुरेसा येत नाही म्हणून तो आतल्या स्पीकरमधून ऐकवतात. त्या रात्री जेवताना त्याने तिला हे सांगितलं तेव्हा ती हसता हसता ठसकली. म्हणाली, ‘आतल्यांना गोड आणि बाहेरच्याला काही नाही. म्हणजे अगदी सासरची माणसं.’ तरी बाहेर थोडा घोगरेपणा उरला होता. कान तीक्ष्ण करून तिने तो पकडला. लेक तोवर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, घरात दुसरा आवाज नव्हताच.

पाचवी आली तेव्हा साहेब थकले होते. गुडघे गेले, रविवारचं चालवणं सुटलं. गाडी धाकट्या साहेबांनी मागवली. भिंतीतून वायर लावून चार्ज करायची, वजनाला हत्ती, ताकदीला पाचांत पहिली. गावात विजेवर चालायची. लाँड्रीपाशी हुंकार नाही, खाकरणं नाही, किंचाळी नाही. शिवाय डिकीत स्टेपनी नव्हती. बॅटरीला जागा हवी म्हणून स्टेपनी काढून तिथे फेसाचा एक डबा दिला होता, पंक्चर झालं की फवारायला. कारखान्यात ही बातमी त्याच्या आधी पोचली. गेटवरचा पहारेकरी म्हणाला, तुझ्या जागी डबा आलाय, आता तू काय ते समज.

पहिल्या संध्याकाळी खिडकी बंद दिसली. साहेबांना कसंबसं उतरवून तो जिना चढला तर ती तांदूळ निवडत बसलेली. दचकली. ‘अहो, चोरासारखे काय येता?’

मग उपाय सुरू झाले. हॉर्न वाजवून पाहिला; पण साहेबांची झोप आता अशी झाली होती की गाडीतच डोळा लागायचा, आणि धाकट्या साहेबांनी आवारात हॉर्नची बंदी केली. वळणावरून फोन लावून पाहिला, तर गाडीने तो फोन स्वतःकडे घेतला आणि मागच्या सीटपर्यंत तिचा आवाज दुमदुमला, की अहो, कोथिंबीर विसरू नका. साहेब झोपेतून जागे होऊन म्हणाले, ‘सांगतेय ते आण तिला.’ त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन पुन्हा लावला नाही.

गाडी घरी पोचली आणि कुलूपबंद झाली ही खबर त्या गाडीकडून धाकट्या साहेबांच्या मोबाइलवर आपोआप जायची, ते कुठल्याही गावी असोत. वरच्या खोलीपर्यंत काही जात नव्हतं.

शेवटी तिनेच निकाल लावला. म्हणाली, तुम्ही सावकाश गाडी पुसून वर या, तुम्ही दिसलात की मी आधण ठेवते. इतकी वर्षं मी तुमची वाट पाहिली, आता पाच मिनिटं तुम्ही चहाची पाहा. यात वावगं काही नव्हतं. सुरुवातीला तो खिडकी बंद दिसली की पुसणं टाकून वर जायचा आणि ती धडधाकट असायची, वर त्यालाच हसायची. बायको रोज धडधाकट निघाली की कोणता नवरा किती दिवस पळत जाईल? हळूहळू बंद खिडकी म्हणजे नुसती खिडकी झाली. मग तो वर बघेनासा झाला. फाटकातून शिरताना आता गाडीतल्या पडद्यावर बघायचं असायचं. गाडीच्या चारी बाजू त्यात दिसत. वरची बाजू दिसत नसे.

त्या संध्याकाळी त्याने साहेबांना हात धरून उतरवलं, गाडी गॅरेजात घातली, वायर जोडली आणि फडकं घेतलं. या पिढीला पुसणं फार. पुढचा कॅमेरा, मागचा कॅमेरा, आरशांखालचे कॅमेरे, बंपरमधली सेन्सरची गोल बटणं. एकावर डाग राहिला तर गाडी तक्रार करते. त्याने ते सगळं नेहमीसारखं केलं. फडकं झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकली आणि वर गेला.

ती खिडकीखाली पडलेली होती. डोळे उघडे होते, एक बाजू गेली होती, आणि ती काहीतरी सांगत होती ते शब्दांत येत नव्हतं. धाकटे साहेब गावात नव्हते आणि थोरल्यांचे पाय राहिले नव्हते, म्हणून या वेळी गाडी त्यानेच चालवली. बंगल्यातली स्वयंपाकीणबाई मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडीत अजिबात आवाज नव्हता. मागून येणारा तिचा श्वास त्याला स्वच्छ ऐकू येत होता, आणि पूल ओलांडल्यावर तो येईनासा झाला तेही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की किती वेळ झाला होता. त्याला सांगता आलं नाही. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं काहीसं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही.

लेक दुसऱ्या दिवशी आली. रडून झाल्यावर ती स्वयंपाकघरात बसली आणि खिडकीकडे बघत राहिली. त्या खिडकीची कथा तिने लहानपणापासून ऐकलेली होती.

‘बाबा, तुम्ही आल्यावर लगेच वर नाही आलात?’

‘गाडी पुसत होतो.’

‘खिडकी बंद होती ना?’

‘होती,’ तो म्हणाला. ‘ती रोजच बंद असायची.’

जावयाने विषय बदलावा म्हणून कोणाकोणाला कळवायचं राहिलंय ते विचारलं. जाताना लेक म्हणाली, माझ्याकडे चला. तो म्हणाला, नोकरी आहे. नोकरी होती खरी. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. तेवढे महिने तो रोज फाटकातून शिरताना वर बघायचा. ती खिडकी त्याने स्वतःच सकाळी उघडून ठेवलेली असायची.

निरोपाच्या कार्यक्रमात धाकटे साहेब थोडक्यात बोलले. थोरले साहेब चाकाच्या खुर्चीत होते. त्यांना ती दुसऱ्या पिढीची, आठ सिलिंडरची गोष्ट सांगायची होती, पण मध्येच ते कोणाचं काय झालं ते विसरले आणि ‘मग ती वाचली’ एवढंच दोनदा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनेही वाजवल्या. पहिल्या गाडीची तळहाताएवढी प्रतिकृती त्याला काचेच्या पेटीत दिली, आणि प्रमाणपत्र दिलं. प्रमाणपत्र वाचून दाखवण्यात आलं. ‘अपघात: निरंक’ला पुन्हा टाळ्या पडल्या.

तपासून पाहिलं तर त्या कागदात खोटं काही नाही. वर्तणूक समाधानकारक होती. अपघात एकही नोंदलेला नाही. आणि वाहनाची निगा खरोखरच उत्कृष्ट होती.

ती गेली त्या संध्याकाळी गाडी मळलेली नव्हती.